बाहीची उलटी बाजू : एका युक्रेनी सोरोच्काच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025

आज कपाटातून ती सोरोच्का, म्हणजे युक्रेनमधला भरतकामाचा सदरा, बाहेर काढली. जवळजवळ तीन वर्षं ती एका जुन्या मलमलच्या ओढणीत गुंडाळून ठेवली होती. मध्ये दोनदा उघडली आणि तशीच परत घडी घातली. तिला हात लावायचा धीर होत नव्हता.

भाचा युक्रेनमधल्या चेर्निव्त्सी शहरात मेडिकलला होता. युद्ध पेटल्यावर मार्च 2022 मध्ये सिरेतच्या सीमेवरून चालत रुमानियात गेला आणि तिथून विमानाने घरी आला. पाठीवर एकच सॅक, तिच्यात कागदपत्रं, चार्जर, दोन जोड कपडे आणि ही सोरोच्का. घरमालकीण आजींनी निघायच्या आदल्या रात्री त्याच्या हातात दिली होती. "तुझी मावशी टाके घालते म्हणतोस ना, तिला दे. घरात राहिली तर तिचं काय होईल कुणाला माहीत." ती त्यांच्या आईची आहे. भाचा या आजींना बाबुस्या म्हणतो. बाबुस्या म्हणजे आजीच.

सगळं जग या कपड्याला विशिवांका म्हणतं. बाबुस्या मात्र सोरोच्काच म्हणतात, म्हणजे नुसता सदरा. भरतकाम त्यात धरलेलंच असतं. ज्या शहरातून ती आली तिथल्याच विद्यापीठात 2006 मध्ये लेस्या वोरोन्यूक या विद्यार्थिनीने सुचवलं, एक दिवस सगळ्यांनी भरतकामाचे सदरे घालून यायचं. आता मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी हा दिवस जगभरचे युक्रेनी लोक पाळतात. यंदा 15 मे.

तोपर्यंत हिच्या दोन्ही बाह्या नव्या कापडावर उतरवायच्या, असं ठरवलं. मूळ सोरोच्काला एकही नवा टाका घालायचा नाही, फक्त मोजमापं घ्यायची.

11 फेब्रुवारी

मोजमापं. अंगाचं कापड दोन प्रकारचं आहे. कमरेवर बारीक, मऊ. कमरेखाली जाडंभरडं, जवळजवळ गोणपाटाच्या वळणाचं. खालचा भाग होर्बोत्का नावाच्या गुंडाळायच्या वस्त्राखाली झाकला जायचा, मग चांगलं सूत तिथे कशाला घालवायचं! अशी काटकसर आपल्या आज्याही करायच्या.

कापड हातमागाचं. तिथल्या खेड्यांत ते दोन झाडांपासून व्हायचं, जवस आणि भांगेच्या जातीचं झाड. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच्याच काड्यांचं लिनन होतं, हे मला माहीत होतं, पण कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. झाड उपटायचं, पाण्यात कुजवायचं, कुटायचं, विंचरायचं, हिवाळाभर सूत कातायचं, मागावर विणायचं आणि मग उन्हात, दवात गवतावर पसरून शुभ्र करायचं. पहिला टाका पडायच्या आधी एका बाईचं जवळजवळ वर्ष त्या कापडात गेलेलं असे.

16 फेब्रुवारी

दोन दिवस एका चुकीच्या वाटेवर गेले, तेही लिहून ठेवते.

चिन्हांची यादी करत बसले होते. चौकट म्हणजे शेत, चौकटीतला ठिपका म्हणजे बी, लाल म्हणजे प्रेम, काळा म्हणजे दुःख. अशी कोष्टकं जिकडेतिकडे मिळतात. फोनवर बाबुस्यांना विचारलं, उस्तावकेवरच्या, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीतल्या, या नक्षीचा अर्थ काय? भाच्याने मध्ये बसून दोन्हीकडचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेंढ्याची शिंगं." मग तिचा अर्थ? "शिंगं म्हणजे शिंगं. माझी आई हे टाके घालायची, तिची आई पण."

आधी मी हिरमुसले. नंतर वाटलं, या उत्तरात माझ्या कोष्टकापेक्षा जास्त आहे. युक्रेनभर नक्ष्यांची नावं अशीच आहेत, शेताबांधावरची आणि परसातली. शिंगं, काकड्या, बकव्हीट, हॉपची वेल. बायकांनी एकमेकींना नक्षी सांगताना वापरायची ती नावं, आपण गोपद्म, बुगडी, कोयरी म्हणतो तशी. अर्थ नाही असं नव्हे. पण तो चौकटीत लिहिलेला नाही. अंगावरच्या जागेत आहे आणि कोणी कोणासाठी शिवलं यात आहे.

जागा बघा. गळा, मनगट, खालची कड. अंग जिथे उघडं पडतं तिथे नेमकं भरतकाम आहे. वाईट नजर, वाईट वारा तिथून आत शिरू नये, असं मानत. लग्नाचा सदरा नवरी नवऱ्यासाठी स्वतः भरायची. म्हाताऱ्या बायका आपली शेवटची सोरोच्काही स्वतःच तयार करून पेटीत जपून ठेवत.

23 फेब्रुवारी

लाल-काळ्या फुलीबद्दल.

विशिवांका म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते लाल-काळ्या फुलीच्या टाक्यातलं गुलाबाचं भरतकाम. मलाही तेच सगळ्यात जुनं वाटायचं. खरं तर ते उशिरा आलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोत ब्रोकार नावाच्या अत्तर-साबणवाल्याचा कारखाना होता. खेड्यांत खपावा म्हणून स्वस्त साबणाबरोबर तो फुलीच्या टाक्याचे छापील नमुने द्यायचा. गुलाब, द्राक्षं, पाखरं. साबण गावागावांत गेला आणि त्याच्याबरोबर गुलाबही. फुलीचा टाका सोपा, चौकटी मोजल्या की झाला, भराभर होतो. बऱ्याच ठिकाणी त्याने जुने अवघड टाके मागे सारले.

हे वाचून आधी वाईट वाटलं. नंतर आमच्या शिवणवर्गाची आठवण झाली. मॅटी कापडावर मासिकातलं मोराचं डिझाइन उतरवणाऱ्या आमच्या बायकांना मी कधी खोट्या म्हटलेलं नाही, मग यांना कशी म्हणू? साबणाच्या कागदावरचा गुलाब नातीने आजीच्या सोरोच्कावर बघून पुन्हा भरला की तो घरचा झाला. नक्षी बाहेरून येण्याचा आणखी एक प्रसंग सापडला. 1915 मध्ये युक्रेनमधल्या वेर्बिव्का गावच्या बायकांनी काझिमिर मालेविच या चित्रकाराने काढलेले रंगीत चौकोन आणि पट्टे भरले, आणि त्याच वर्षी मॉस्कोतल्या प्रदर्शनात ते मांडले गेले. शेतकरी बायकांच्या सुईतून नवी चित्रकला लोकांपुढे आली.

आमच्या सोरोच्कावर फुली फक्त मनगटाच्या पट्टीत आहे. खांद्यावर जे आहे ते निझिंका नावाच्या, धागे मोजून घालायच्या टाक्याचं काम. त्यातच खरी परीक्षा आहे.

2 मार्च

निझिंकेचा पहिला प्रयत्न. इंचाला 28 धाग्यांचं लिनन, काळा दोरा, दोन पदरी.

मूळ नक्षी आलेखाच्या कागदावर उतरवून घेतली. उस्तावका म्हणजे खांद्यावरचा आयत, बाहीच्या माथ्यावरची पट्टी. तिची रुंदी 31 सेंटीमीटर, उंची 9. सुलट बाजूने सुरुवात केली. तीन तास काम करून सहा ओळी झाल्या आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागलं. टाके सुटे सुटे दिसत होते, मूळ कामाचा घट्टपणा येईना.

मूळ सोरोच्काची बाही उलटी केली, भिंग घेतलं आणि खिडकीत बसले. उलट्या बाजूला तीच नक्षी आहे, पण उलटी! सुलटीकडे जिथे काळं तिथे उलटीकडे मोकळं कापड, सुलटीकडे मोकळं तिथे उलटीकडे काळं. फोटोची जुनी निगेटिव्ह असते तसं. मग उलगडलं. हा टाका कापडाच्या उलट्या बाजूने घालतात. बाईच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत निगेटिव्हच असतं. सुलटी नक्षी ती मनात धरते, किंवा मधूनच कापड उलटून बघते.

सहाही ओळी उसवल्या. कापड उलटं करून रिंगला लावलं.

आता रीत अशी. आधी काळ्या दोऱ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत एक ओळ जायची, कापडाचे धागे मोजत, एकावरून तीनाखालून, तीनावरून एकाखालून, नक्षीत असेल तसं. मग वळून दुसरी. काळ्याने सगळी पट्टी झाली की नक्षीचा सांगाडा उभा राहतो आणि मध्ये रिकाम्या चौकटी उरतात. त्या मागाहून लाल, शेंदरी, पिवळ्या, हिरव्याने भरायच्या. एक धागा चुकला तर पुढच्या सगळ्या ओळी एका धाग्याने सरकतात आणि ते आठव्या-दहाव्या ओळीत लक्षात येतं.

हात मात्र पटकन सरावला, कारण माझं आजोळ बेळगाव. आजीने इरकलीच्या पदरावर कसुती शिकवली होती आणि कसुतीतला नेगीचा टाका असाच, मागावर विणल्यासारखा दिसणारा, धागे मोजून ओवत न्यायचा. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दडवायचं, हेही तिनेच शिकवलेलं. बाबुस्यांच्या आईने आणि माझ्या आजीने एकमेकींचं नावही ऐकलं नसेल. तरी दोरा दडवायची जागा दोघींची एकच. हे बघताना घशाशी काहीतरी आलं.

रात्रीपर्यंत चार ओळी, बरोबर.

9 मार्च

चौदावी ओळ चुकली. अठरावीपर्यंत उसवलं.

19 मार्च

काळा सांगाडा पुरा. इतर प्रदेशांबद्दल थोडं टिपून ठेवते, नाहीतर या एका बाहीलाच मी युक्रेन समजायची.

कोस्माच हे कार्पेथियन डोंगरातलं हुत्सूल लोकांचं गाव. निझिंका तिथे शेंदरी-पिवळ्यात इतकी दाट की लांबून निखारे दिसावेत. पोल्टावाकडे याच्या अगदी उलट. रेशेतिलिव्कात पांढऱ्यावर पांढरं. धागे कापून, ओढून जाळी पाडायची आणि तिच्याभोवती पांढऱ्याच दोऱ्याने भरायचं. धागे ओढून केलेल्या या जाळीकामाला मेरेझ्का म्हणतात आणि तिच्यातल्या सगळ्यात सोप्या प्रकाराचं नाव प्रुतिक, म्हणजे काटकी. अंधाऱ्या खोलीत हे काम दिसतच नाही. उजेड तिरका पडला की एकदम उठून येतं.

तेर्नोपिलकडच्या बोर्शचिवची सोरोच्का काळ्या लोकरीची. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत काळीभोर, मध्ये कुठे कुठे रंगाची ठिणगी. तिथे सांगतात, एका स्वारीत गावातले पुरुष मारले गेले आणि उरलेल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या काळंच नेसायचं ठरवलं. लोककथा आहे ही. पण मी तिच्याकडे बघते तेव्हा मला शोकाच्या आधी त्या बायकांचे मनगट दिसतात. एवढी लोकर कापडातून ओढायची म्हणजे बोटांची सालं निघत असणार.

30 मार्च

आज मोठी चूक लक्षात आली. सुईची नव्हे, कात्रीची.

मी बाही आमच्या ब्लाउजच्या पद्धतीने कापली होती, काखेला गोलाई देऊन. व्हिडिओ कॉलवर बाबुस्यांना अभिमानाने दाखवली. त्यांनी भाच्याला विचारलं, "लास्त्का कुठे आहे?" मला शब्द कळेना. त्या उठल्या, स्वतःची एक सोरोच्का घेऊन आल्या आणि काखेतला भाग कॅमेऱ्यासमोर धरला. तळहाताएवढा चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला. आपल्या जुन्या अंगरख्यात चौबगला असतो तोच.

मग मला हाताने खुणा करून सांगितलं, हात वर कर. मी केला. "गवत कापायचं, पोर उचलायचं, कणीक मळायची. लास्त्का नसेल तर फाटेल."

मूळ सोरोच्का पुन्हा समोर ठेवली. तिच्यात एकही गोल काप नाही. मागाच्या पन्ह्याएवढे सरळ तुकडे, आयत आणि चौकोन. गळासुद्धा कापलेला नाही, चुण्या घालून आवळलेला. वर्षभर राबून केलेलं कापड कोण गोल कापून वाया घालवील? मी भरतकामाचा अर्थ शोधत होते आणि शिवणीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. लग्नात उठून दिसणारी ही सोरोच्का आधी कष्टाचा कपडा आहे.

एक गोष्ट आणखी दिसली. डाव्या खांद्याच्या उस्तावकेचं कापड बाहीच्या कापडाहून जुनं आहे, रंगाने पिवळसर. विचारल्यावर बाबुस्या म्हणाल्या, ती उस्तावका त्यांच्या आजीच्या सोरोच्काची. सदरा फाटला की भरतकाम जपून उसवून नव्यावर बसवायचं. म्हणजे माझ्या हातात दोन बायकांचं काम आहे.

नव्या बाह्या कापल्या. आधीचं कापड लास्त्कांना वापरलं.

13 एप्रिल

उस्तावकेखालची पट्टी चालू आहे. रुंदी चार सेंटीमीटर, एकाच रंगाची, हळदीसारखी पिवळी. हिचं नाव मोरश्चिन्का, म्हणजे सुरकुती. पूर्वी बाहीच्या चुण्या जिथे आवळायच्या तिथे हा टाका पडायचा, त्यावरून नाव आलं. त्याखाली बाहीभर तिरक्या रेघा उतरतात.

ही सोरोच्का जिथली तो बुकोविना प्रदेश दोन देशांत वाटला गेला आहे, उत्तरेचा भाग युक्रेनमध्ये, दक्षिणेचा रुमानियात. सीमेपलीकडच्या बायकांच्या सदऱ्याची बाही अशीच तीन भागांची असते. खांद्यावरच्या भागाला तिथे आल्तित्सा म्हणतात, मधल्या पट्टीच्या नावाचा अर्थ सुरकुतीच आणि खालच्या तिरक्या रेघांना म्हणतात नद्या. रुमानिया आणि मोल्दोव्हाची ही कला 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्याच वर्षी भाचा सिरेतला थंडीत तासन्‌तास रांगेत उभा होता. सॅकमध्ये सुरकुती होती आणि नद्याही, पलीकडे उभ्या असलेल्या एखाद्या आजीने लगेच ओळखल्या असत्या अशा. मी आता खालच्या रेघांना नद्याच म्हणते. युक्रेनी शब्द नाही तो, पण सुई चालवताना तोच ओठांवर येतो.

27 एप्रिल

हात दुखतोय, म्हणून आज नुसतं वाचन.

ओलेना प्चिल्का. कवयित्री लेस्या उक्राइंकाची आई. वोलिनमधल्या खेड्यांतून नक्ष्या गोळा करून त्यांचा संग्रह तिने 1876 मध्ये कीवमध्ये छापला. त्याच वर्षी रशियाच्या झारने एम्सचा हुकूम काढला आणि युक्रेनी भाषेत छापण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. पुस्तकं अडवता येतात. चौकटीत भरलेल्या फुल्या कोण अडवणार? पश्चिम युक्रेनमध्ये लेखक इवान फ्रांको युरोपीय पद्धतीच्या कोटाखाली भरतकामाचा सदरा घालायचा. त्यातून तो खेड्यातला कपडा शहरात, सभेत, लेखकांच्या बैठकीत येऊन बसला.

युक्रेनमधल्या 1932-33 च्या दुष्काळाबद्दल मात्र मला एका बैठकीत वाचून पुरं करवलं नाही. तो दुष्काळ माणसांनी घडवलेला. घराघरांतून पेट्या उघडल्या गेल्या आणि लग्नाच्या सोरोच्का, रुश्निक, सगळं मूठभर पिठासाठी दिलं गेलं. रुश्निक म्हणजे भरतकामाचा लांब पंचा. बाळाच्या बारशापासून प्रेतापर्यंत तो लागतो, लग्नात नवरा-नवरी त्यावर उभे राहतात, घरातल्या देवाच्या तसबिरीवरही तोच. तो विकणं म्हणजे घरातलं शेवटचं विकणं.

पुढे सोव्हिएत छावण्यांत अडकलेल्या युक्रेनी बायकांनी माशाच्या काट्याच्या सुया केल्या, स्वतःच्या कपड्यांतले दोरे उसवले आणि चिंधीवर भरतकाम केलं. आणि कीवमध्ये इवान होन्चार या शिल्पकाराने स्वतःच्या घरात असे कपडे, रुश्निक, तसबिरी जमवल्या. त्या काळी हे संशयाचं काम होतं. आज त्याच्या नावाने तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

15 मे

एक बाही पूर्ण. दुसरीचा फक्त काळा सांगाडा झाला आहे. ठरवलेलं पुरं झालं नाही, पण घाई करून तिरक्या नद्या वाकड्या करायच्या नव्हत्या.

संध्याकाळी कॉल लागला. भाचा आता तिबिलिसीत शिकतो, तो तिकडून, बाबुस्या चेर्निव्त्सीहून, मी सांगलीहून. बाबुस्यांनी सोरोच्का घातली होती, केस विंचरून, गळ्यात पोवळ्यांची माळ. मी बाही कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी डोळे बारीक केले आणि बोट फिरवून खूण केली, उलटी कर.

उलटी केली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी श्वास धरून. मग म्हणाल्या, सुरकुतीच्या टोकाला दोन टाके सैल आहेत, बाकी ठीक. आणि हसल्या. सुलटी बाजू त्यांनी पुन्हा बघितलीच नाही.

मग त्यांनी आपलं काम दाखवलं. नातू सैन्यात आहे. या दिवशी तिकडची पोरं गणवेशाखाली सोरोच्का घालतात, पण त्याच्याकडे सामान ठेवायला जागा नाही. म्हणून त्याच्या साध्या बनियनच्या गळ्याला आतून बोटभर रुंद पट्टी भरून दिली. काळी आणि लाल, मेंढ्याची शिंगं. बाहेरून दिसत नाही. भाच्याने विचारलं, ही आतून का? त्या म्हणाल्या, "कातडीला लागायला हवी ना."

16 फेब्रुवारीच्या नोंदीत गळ्याबद्दल मी जे पुस्तकी लिहिलं होतं, ते आज मी कापडावर बघितलं.

तेवढ्यात तिकडे सायरन झाला. त्या शांतपणे उठल्या, दिवा बंद केला आणि फोन ठेवायच्या आधी भाच्याला काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं काय? तो म्हणाला, "मावशी, दुसऱ्या बाहीला पिवळा थोडा गडद घे, असं सांगितलंय. ऊन लागून उतरतो."

18 मे

सैल टाके उसवून पुन्हा घातले. बाजारातून गडद पिवळ्या दोऱ्याच्या तीन लडी आणल्या. दिवसाच्या उजेडात मूळ मोरश्चिन्काच्या शिवणीतला, ऊन न लागलेला भाग उलगडून रंग जुळवला. आत तो खरंच झेंडूइतका गडद आहे.

दुसऱ्या उस्तावकेची पहिली लाल चौकट भरली. उलट्या बाजूने.